पान नंबर त्रेसष्ट

दीनानाथ साहेबांची कादंबरी अकरा वर्षं अडून बसली होती, ती मी सोडवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, ह्या माणसानं गप्प बसायला हवं होतं. बरोबर आहे तुमचं. पण तेव्हा कोणी म्हटलं नाही तसं.

मी सातवी पास. माझा मामा कोपर्निकस मार्गावरच्या गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकी होता, त्याच्यामागं कराडहून दिल्लीत आलो. त्यानं एका मंत्रालयात चिकटवलं, दफ्तरी म्हणून. दफ्तरी म्हणजे फाइली शिवायच्या, पानांना नंबर टाकायचे, फाटलेलं चिकटवायचं, जाड झालं की भाग पाडायचे. तेहेतीस वर्षं केलं. मंत्री आले नि गेले, पण माझ्या हातच्या फाइलीतलं एक पान कधी इकडचं तिकडं झालं नाही. साहेब तिथंच अंडर सेक्रेटरी होते. ते आधी रिटायर झाले, मी मागाहून. मी फरीदाबादला मुलाकडं राहायला गेलो, पण तिथं बोलायला कोण? मग मंगळवारी आणि शुक्रवारी बस पकडायची नि साहेबांकडं लक्ष्मीबाई नगरला यायचं. चहा मिळायचा, मराठी मिळायचं.

सरकारी क्वार्टर, पहिल्या मजल्यावर. साहेब रिटायर झाले तेव्हा ते मुलीच्या, वृंदाच्या नावावर करून घेतलेलं. ती दुसऱ्या एका मंत्रालयात असिस्टंट. म्हणजे घर असं बघा, की वृंदा तिथं राहते तोवर आईबापाच्या डोक्यावर छप्पर. वृंदा तेव्हा चौतिसाची.

बाहेरच्या खोलीत भिंत दिसायची नाही. नुसते तक्ते. साहेब दर रविवारी दर्यागंजच्या फूटपाथवरून कादंबरी कशी लिहावी याची इंग्रजी पुस्तकं आणायचे. एका पुस्तकात गोष्टीचे तीन भाग पाडा म्हणून सांगितलेलं, दुसऱ्यात नायकाला आधी चढवा मग पाडा, तिसऱ्यात आणखी काही. साहेब प्रत्येकाचा तक्ता काढायचे, लाल पेन्सिलीनं बाण मारायचे, भिंतीला चिकटवायचे. गणपतीची तसबीर हटत हटत स्वयंपाकघरात गेली होती.

"आता माझ्या पाठीवर लावतील," पद्मजावहिनी म्हणायच्या. "तेवढीच जागा उरलीय."

गोष्ट दिल्लीतल्या एका मराठी घराची. बाप, आई, आणि उल्का नावाची मुलगी. उल्का म्हणजे वृंदाच, वेगळं सांगायला नको. नव्वद पानं झालेली आणि तिथंच सगळं ठप्प.

"उल्का दारापर्यंत जाते आणि थांबते," साहेब मला म्हणाले. "पुढं ती काय करणार, ते मला आधीच ठाऊक असतं, शांताराम. आणि ठाऊक असलं की लिहायला हात चालत नाही. वाचणाऱ्यालाही मग ते बासी लागतं."

मी चहात बिस्किट बुडवत होतो. तोंडातून निघून गेलं, "मग फाइल चालवा ना, साहेब."

"म्हणजे?"

"फाइलीचा शेवट कुणाला ठाऊक असतो? डाव्या बाजूला हिरव्या कागदावर नोटिंग. क्लार्क आपलं मत लिहितो, सही ठोकतो, वर पाठवतो. वरचा त्याच्या खाली स्वतःचं लिहितो. कधी त्याला उलटंपालटं करून टाकतो. उजव्या बाजूला कागद, ज्यावरून हे सगळं भांडण चाललंय ते. क्लार्कला ठाऊक असतं का सेक्रेटरी काय लिहिणार? नसतं. म्हणून तर फाइल परत आली की सगळं सेक्शन तिच्यावर पडतं. तुम्ही एकटेच सगळ्यांच्या वतीनं लिहिताय, म्हणून अडलंय. एकेकाला लिहू द्या."

साहेब माझ्याकडं असे बघायला लागले, की मला वाटलं काहीतरी चुकलं. मग उठले आणि भिंतीवरचा एक तक्ता टर्रकन फाडला. मग दुसरा.

"पद्मजा! अगं, ऐकलंस का? ह्या सातवी पास माणसानं..."

तेहेतीस वर्षांत मला कुणी एवढ्या मोठ्यानं चांगलं म्हटलं नव्हतं. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं होतं.

पुढच्या शुक्रवारी मी भोकं पाडायचा टोचा, बांधायची लेस, कव्हर, हिरवे कागद, सगळं घेऊन आलो. साहेबांनी पहिली नोट टाकली: बाप संध्याकाळी खिडकीत बसून कशाचा विचार करतो, अभिप्राय द्यावा. आणि फाइल वहिनींच्या पोळपाटाशेजारी ठेवली. वहिनींनी हात पुसून लिहिलं, "विचार कसला करतो? धुणं वाळत घालायचं पडलंय. त्याला तेवढं करायला लावा. आणि ह्या गोष्टीत सकाळचा चहा कोण करतं ते कुठंच नाही."

साहेब नाचायचे बाकी राहिले. "फर्स्ट क्लास! हे मला सुचलं असतं का?"

उजव्या बाजूला मी कागद लावत गेलो. वृंदाची शाळेतली प्रगतिपुस्तकं, गावाकडची पत्रं, वहिनींच्या सामानाच्या याद्या, जुनी तिकिटं. फाइल फुगायला लागली. प्रत्येक पानावर नंबर मी टाकायचो, नोटिंगचे वेगळे, कागदांचे वेगळे. नंबर पडला की पान फाइलीचं झालं, मग ते काढायचं नाही, हा नियम मीच घालून दिला होता. साहेबांना तो फार आवडला.

वृंदा हात लावायची नाही. "बाबा, ऑफिसात दिवसभर हेच करते मी. घरी पण? सोडा ना, यार."

"बापाशी यार?"

"बरं, सोडा ना, साहेब."

नोव्हेंबरात तिचं लग्न ठरलं. शशिकांत नाव, वय सदतीस, ऑडिटमध्ये नोकरी, सरोजिनी नगरला आईबरोबर राहायचा. जन्म दिल्लीचाच, त्यामुळं मराठी अधूनमधून ठेचकाळायचं. 'किल्ली' म्हणायचं तर 'चाबी' म्हणायचा. त्याची बदली पुण्याला झाली होती, जूनमध्ये जायचं होतं, म्हणून लग्न मे महिन्यात. वहिनींनी विचारलं, "मग क्वार्टरचं काय?" आणि साहेबांनी फाइल पुढं ओढली.

डिसेंबरात एक दिवस साहेबांनी नोट टाकली: उल्काने त्या मुलास होकार का दिला? अभिप्राय अपेक्षित. फाइल वृंदाच्या डब्यावर ठेवली. तिचं त्या दिवशी ऑफिसात कुणाशी तरी वाजलेलं, घरी आल्या आल्या वहिनींनी क्वार्टरचं पुन्हा काढलेलं. तिनं पेन उचललं आणि उभ्या उभ्या लिहिलं. मंगळवारी मी नंबर टाकला. त्रेसष्ट.

दफ्तरी फाइल वाचत नाही असं आम्ही म्हणतो. वाचतो. नंबर टाकताना दिसतंच. तिनं लिहिलं होतं:

"होकार माणसाला नाही, बदलीच्या ऑर्डरला दिला. तो पुण्याला चाललाय म्हणून. उद्या चंदीगढला जाणारा भेटला असता तर त्यालाही दिला असता. माणूस साधा आहे. एकच जोक तीनदा सांगतो, जेवताना मचमच आवाज करतो. पण त्याच्या भिंतीवर तक्ते नसतील. एवढं पुरे आहे."

साहेबांनी त्याखाली लिहिलं, "उत्तम." बापानं!

आता गंमत बघा. फेब्रुवारीत वृंदाला कावीळ झाली. दीड महिना खाटेवर. शशिकांत रोज ऑफिस सुटलं की स्कूटरवर यायचा, बाजारातून ऊस आणायचा आणि जिन्यात बसून सोलायचा. आत सोलला तर वहिनींची फरशी चिकट होते म्हणून जिन्यात. गंडेऱ्या करून वाटीत घालून आत द्यायचा. सालं कागदात गुंडाळून परत न्यायचा. एकदा मी विचारलं, "कंटाळा नाही येत?" तर म्हणाला, "काका, मला दुसरं काही करता येत नाही हो. ऊस बिल्कुल येतो." तोच त्याचा जोक. आतून वृंदा हसली. तिसऱ्यांदा ऐकत होती, तरी हसली.

मार्चमध्ये ती उभी राहिली. एका शुक्रवारी मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. अशक्त झालेली, दुपट्टा कानाला गुंडाळलेला.

"शांतारामकाका, एक काम आहे. ते त्रेसष्ट नंबरचं पान काढा."

मी म्हटलं, "कसं काढू, बेटा? नंबर पडलाय."

"लेस सोडायची, पान काढायचं, लेस बांधायची. दोन मिनिटं."

"आणि मग चौसष्टाचं त्रेसष्ट करू? पुढची सगळी खाडाखोड?"

"काका, ही ऑफिसची फाइल नाहीये. माझ्या बापाचं खूळ आहे हे." मग आवाज खाली आणला. "तेव्हा ते खरं होतं. आता नाहीये. मला ते घरात नको आहे, बस."

तिनं माझा हात धरला होता. लहानपणी जत्रेत धरायची तसा. आणि मी, माझ्याकडं बघा, मी तिला पद्धत शिकवायला लागलो. म्हटलं, "काढायचं नसतं. नवीन नोट लिही. आधीचा अभिप्राय मागं घेतला असं लिही. ते कायदेशीर होतं."

तिनं माझा हात सोडला. मग हसली. "अच्छा. चला, कायदेशीर करू."

तिनं लिहिलं. लहानशी नोट. "पान त्रेसष्टवरचं मत मागे घेते. आता कोणी चंदीगढचं तिकीट आणून दिलं तरी मी ह्याच माणसाबरोबर जाईन. ऊस खाऊन पाहावा." खाली सही, तारीख. मी नंबर टाकला, एकाहत्तर.

पण फाइल फार जाड झाली होती हो. उजव्या बाजूच्या कागदांनी लेस तुटायला आलेली. अशी झाली की भाग पाडायचा, ही रीत आहे. सत्तर पानांवर भाग एक बंद केला, शिवून टाकला. एकाहत्तरपासून भाग दोन चालू. सुबक काम झालं होतं. साहेब हात फिरवून म्हणाले, "शांताराम, पुस्तकात तुझं नाव छापीन."

एप्रिलमध्ये कादंबरी पुन्हा अडली. उल्का पुन्हा दारापाशी. एका मंगळवारी साहेबांनी भाग एक माझ्यापुढं सरकवला.

"हा शशिकांतला नेऊन दे. त्या मुलाचं मत आलं पाहिजे. त्याच्याशिवाय प्रकरण पूर्ण होत नाही."

मी म्हटलं, "साहेब, वृंदाला विचारलं?"

"सेक्रेटरीकडं फाइल पाठवताना क्लार्कला विचारतात का?"

"आणि भाग दोन?"

"तो चालू आहे. नोट पुरी झाल्याशिवाय चालू फाइल टेबलावरून हलत नाही. हे मी तुला सांगायचं?"

नियम बरोबर होता. मी फाइल पिशवीत घातली, सही घ्यायला पिऊन बुक घेतलं. सरोजिनी नगर कितीसं लांब? चालतच निघालो. अर्ध्या वाटेवर एकाहत्तर नंबर आठवला. खरं सांगतो, आठवला. पाय थांबले. एका झाडाखाली भेळवाला होता, त्याच्याशेजारी उभा राहिलो. परत जावं का? मग म्हटलं, साहेब म्हणतील, शांताराम म्हातारा झाला, नियम विसरला. मग म्हटलं, गोष्टच तर आहे, पोराला कळेल. आणि मग आणखी एक गोष्ट म्हटली मनात, ती आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. मलाही बघायचं होतं, तो काय लिहितो.

शशिकांतनं सही करून फाइल घेतली. "काका, आत या ना, पाणी?" मी नको म्हटलं.

शुक्रवारी तो स्वतः फाइल साहेबांच्या दारात ठेवून गेला, घंटी न वाजवता. मी पोचलो तेव्हा साहेब बाहेरच्या खोलीत उभे राहून त्यानं भाग एकला टाचलेला कागद मोठ्यानं वाचत होते. वहिनी भाजी निवडत होत्या. वृंदा ऑफिसातून तेवढ्यात आलेली, खांद्यावर पर्स तशीच.

"पान त्रेसष्टवरील अभिप्राय वाचला," साहेब वाचत होते. "जेवताना आवाज होतो हे मला ठाऊक नव्हते. कोणी सांगितले असते तर बंद केला असता. पुढील कार्यवाहीची आवश्यकता नाही."

साहेबांचे डोळे भरून आले होते. "पद्मजा, काय वाक्य आहे! 'सांगितले असते तर बंद केला असता.' अगं, मला दहा जन्मांत सुचलं नसतं हे!"

वृंदा म्हणाली, "बाबा, ही त्याच्याकडं कुणी पाठवली?"

"फाइल कुणी पाठवत नाही, बाळ. ती वर जाते."

"कुणी नेली?"

पिऊन बुक माझ्या हातातच होतं. तिनं ते बघितलं, मग मला.

"भाग दोन?" तिनं विचारलं.

"चालू आहे," मी म्हटलं.

तिनं टेबलावरून भाग दोन उचलला आणि जिना उतरली. मी मागं मागं. साहेब वरून ओरडले, "अगं, ती न्यायची नाही! नंबर बाकी आहेत!"

सरोजिनी नगरला दार शशिकांतच्या आईनं उघडलं. वृंदाला आत या म्हटलं नाही. शशिकांतनं सुट्टी टाकली होती, पुण्याला घर बघायला म्हणून दुपारीच गाडीत बसला होता. जूनमध्ये जायचं ते आत्ताच.

"मावशी, हे त्याला पाठवा. यात पुढचं आहे. हे नंतर लिहिलंय मी, मार्चमध्ये. तारीख बघा."

बाईनं फाइलीला हात लावला नाही. "तीन दिवस जेवला नाही तो. जेवायला बसला की तोंडावर हात धरतो. आवाज येतो का, आई? मला विचारतो. सदतीस वर्षांचा पोरगा."

"मावशी, एकदाच एकाहत्तर नंबरचं पान..."

"तुला लिहायची फार हौस ना? लिही. चंदीगढला जाणारा कोणी ना कोणी मिळेल."

दार लागलं. आतून कडी घातल्याचं ऐकू आलं.

वृंदानं तीन पत्रं टाकली पुण्याला. एकाचंही उत्तर नाही. मग एकदा फोन केला, त्याच्या ऑफिसात. तो म्हणाला, "वृंदाजी, जाने दीजिए," एवढंच, आणि ठेवला. हे मला वहिनींनी सांगितलं, कणीक मळता मळता. पुढं म्हणाल्या, "होतं ते बऱ्यासाठीच. ह्या वयात आम्ही कुठं गेलो असतो, शांताराम?" आणि आत वळून, "वृंदा, परवा सिलेंडर येणार आहे, तू घरीच आहेस ना?"

"घरीच आहे," आतून उत्तर आलं.

साहेबांनी क्वार्टरसाठी केलं का कादंबरीसाठी, हे मी पुष्कळदा घोळवलंय. मला वाटतं त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांना फक्त शेवट मिळाला. उल्का दारातून परत फिरते आणि सिलेंडरवाल्याला सही देते. नऊ दिवसांत उरलेलं सगळं लिहून काढलं. वृंदाची तीन पत्रंही, वहिनींनी कच्च्या कागदावरून उचलून दिलेली, उजव्या बाजूला लागली. एकाहत्तर नंबरचं पान मात्र पुस्तकात नाही. मी विचारलं, तर साहेब म्हणाले, "त्यानं शेवटाचा जोर जातो."

पुस्तक पुढच्या वर्षी निघालं. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. पुण्याहून कोणी मोठे समीक्षक आले होते, अण्णासाहेब म्हणत होते त्यांना. ते अर्धा तास बोलले. म्हणाले, मराठीत अशी रचना आजवर झाली नाही, लेखकानं स्वतःला पात्रांच्या स्वाधीन केलंय, क्रूर म्हणावं इतकं प्रामाणिक पुस्तक आहे. टाळ्या वाजल्या. वहिनी नवीन साडीत पहिल्या रांगेत होत्या.

मग साहेबांनी माईक घेतला. "ही कल्पना माझी नाही. आमच्या शांतारामची आहे. शांताराम, वर ये!"

लोक मागं वळून बघायला लागले. मी वर गेलो. आवडलं मला, खोटं कशाला बोलू? मोठमोठे अधिकारी टाळ्या वाजवत होते. साहेब म्हणाले, "सत्कार आमची वृंदा करेल." मंडळाची कामं तीच बघत होती, खुर्च्या, चहा, हार सगळं. ती शाल आणि नारळ घेऊन आली. बारीक झाली होती, केस कानाजवळ पांढरे. मी मान खाली घातली, तिनं शाल घातली. मी हळूच म्हटलं, "बेटा, माझं चुकलं गं." वर्ष झालं होतं, ते तोंडातून निघायला.

तिनं शालीची घडी माझ्या खांद्यावर नीट केली. सुईनं टोचल्यासारखं काहीतरी म्हणेल, असं मला वाटलं. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याशी जन्मात कधी हिंदी काढलं नव्हतं.

"अंकल, ज़रा उधर देखिए," ती म्हणाली. "फोटो के लिए."

मी बघितलं.